गंगव्वाचा उंबरा

आमच्या पंचक्रोशीत माझ्यावानी नकला करनारा दुसरा मानूस न्हवता. एक हुता, पन त्यो माकडवाला, आन त्येच्याबी नकला माकडच करायचं. माझ्या घरात मातर मानूस आन माकड, दोनी कामं मलाच करावी लागायची.

शाळंचं म्हनाल तर मी शाळंत लय गेलो. खिडकीपतुर. आत मास्तर शिकवायचं, भाईर मी त्येंची नक्कल करायचो, आन समदी पोरं माझ्याकडं तोंड करून बसायची. एकदा मास्तर भाईर आलं आन म्हनलं, "म्हाद्या, आत तरी ये, न्हाईतर घरला तरी जा." मी घरला गेलो. त्येंचं तेवढं एकच मी ऐकलं. पुढं बैलगाडी हाकाय लागलो. बैलाला नकला कळत न्हाईत, म्हनून त्येवढंच एक काम धड झालं.

पन हे माझं न्हवं, गंगव्वाचं सांगतुय.

गंगव्वा आमची शेजारीन. तिच्या आन आमच्या घरात एकच भिताड. तिकडं तव्यात कांदा पडला की हिकडं माझ्या तोंडाला पानी सुटायचं. तिचा नवरा बिरू माझ्याच वयाचा. त्येंची मानसं मूळची जतकडची, मेंढरं राखनारी. कुंडलच्या अंगाला उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाय यायची, तशीच एका साली हितं ऱ्हायली आन थोडं रान करून बसली. बिरूची आई अथणीच्या पल्याडली, कानडी. तिनं सून आनली ती आपल्याच भावाची पोर. म्होरं सासू गेली, जर्मनाची लढाई लागली, बिरू पलटनीत गेला, आन घरात ऱ्हायली गंगव्वा, दोन पोरं आन एक म्हस. थोरला शिवा, धाकटी निंगी. म्हशीला नाव न्हवतं, पन ती दोनी भाषा समजायची. कानडीत हाक मारली की यायची आन मराठीत शिवी दिली की दूध सोडायची.

गंगव्वाच्या घरात एक कायदा हुता. उंबऱ्याच्या आत कानडी, उंबऱ्याच्या भाईर मराठी. पोरगं खेळून पळत आलं, आत पाय टाकला आन "आई, भाकर दे" म्हनलं, की गंगव्वा चुलीपुढनं मान वर करायची न्हाई. नुसतं म्हनायची, "येन अंदी?" म्हंजी, काय म्हनलास? तिला ऐकाय येत न्हवतं असं न्हाई. माझ्या घोरन्यावरनं मी कुठल्या कुशीवर हाय ते तिला भिताडापल्याड कळायचं. पन घरात मराठी आली की ती बहिरी. मग पोरगं उंबऱ्यात थांबायचं, मनात जुळवाजुळव करायचं, कानडीत मागायचं, आन मग भाकर हातावर पडायची.

भाईर आलं की उलटं. अंगनात पोरांनी कानडी काढली की तीच डोळं वटारायची. "मराठीत बोला. लोकांला वाटंल, त्येंच्याच चुगल्या करतुय."

तिची सोताची मराठी म्हंजी मजा हुती. तिला बाई-बापय कळायचं न्हाई. "माझा म्हस आला," "तो भाकरी करपला." मी हसलो की माझ्या अंगावर यायची. "भावजी, तुमच्या मराठीत भाकरी बाई, भात बापय. कुनी बघितलं? भाकरीनं लुगडं नेसलंय व्हय?"

मी घरात जाऊन भाकरीकडं बघत बसायचो.

दिस कलला की ती लोकर कातायची चाती फिरवत उंबऱ्यात बसायची, एक पाय आत, एक भाईर. मी म्हनायचो, "गंगव्वा, एक पाय विजापुरात, एक सांगलीत. मधी मिरज कुठं हाय?"

ती म्हनायची, "मधी चाती हाय, भावजी. टोचंल."

माझी बायको सुंद्रा. तिनं एकदा सरळ इचारलं, "गंगव्वा, पोरांच्या डोस्क्याला दोन दोन भाषांचा तरास कशाला गं? हितंच ऱ्हायचं, हितंच मरायचं. एक बोली पुरं की."

गंगव्वानं चाती थांबवली. "माझी आई हाय तिकडं. एकली हाय. तिला मराठीचा एक शबुद येत न्हाई, आन तिचं डोळं गेल्यात. ती पोरांला बघनार कशानं? कानानंच की."

मी गप झालो, पन माझं गप बसनं म्हंजी नुसतं तोंडाचं. डोस्क्यात माकड बसल्यालंच.

आता त्या माकडाचंच सांगतो. बिरू पलटनीत गेल्यावर गंगव्वाच्या घरातला बापयाचा आवाज गेला, तवापास्नं तिचाच आवाज मोठा झाला. सांजच्याला ती उंबऱ्याच्या आतनं पोरांला जेवाय हाक मारायची, आन ती हाक पार वड्यापतुर जायाची. मी त्या टायमाला गाडी सोडून अंगनात बाजंवर आडवा झाल्याला असायचो. पैल्याच दिशी आवाज आला, "ऊटक्क बा!"

मला ऐकू आलं, "ऊट की, बा!"

मी ताडकन उठलो. म्हनलं, ही कोन मला ऊट म्हननार? आन बा? मी काय हिचा बाप लागतो? माझी मिशीबी अजून काळी हुती. पन उठलो ते उठलोच. दुसऱ्या दिशी परत तेच. तिसऱ्या दिशी मी हाकंच्या आदीच उठून बसलो, म्हनलं, उगं आपमान नगं. उठलोच हाय तर पानी भर म्हनून सुंद्रानं हातात घागर दिली. असा पंधरवडा गेला. मग मी गंगव्वाला म्हनलं, "म्या तुझं काय वाकडं केलंय? रोज मला म्हाताऱ्यावानी का उठवतीस?"

तिला आदी कळंना. मग कळल्यावर ती उंबऱ्यात बसली आन पदर तोंडात धरून हसली. "भावजी, ऊटक्क बा म्हंजी जेवाय ये. पोरांला सांगतुय मी."

सुंद्रा भाईरच हुती. म्हनली, "सांगायचं न्हवतंस त्येंला, बाई. तुझ्या एका हाकंनं ह्यो मानूस उठतुय. मला समद्या संसारात जमलं न्हाई ते तू केलंस."

तवापास्नं ती हाक म्हंजी दोनी घरांचं घड्याळ झालं. तिकडं पोरं जेवाय जायाची, हिकडं मी घागर उचलायचो.

हे हितंच ऱ्हायलं असतं तर बरं झालं असतं. पन माझ्या हातात चांगली गोष्ट आली की मला ती गावाला दाखवल्याबिगर चैन पडायचं न्हाई.

गावच्या जत्रंत कुस्त्या झाल्या की लोकं मला मधी ढकलायची. त्या साली मी सुंद्राचं लुगडं नेसलो, म्होरं काठी आडवी टाकून उंबरा केला, एक पाय आत, एक भाईर ठिवला आन गंगव्वाच्या आवाजात वरडलो, "ऊट की, बा!" चार गडी आडवं पाडलं हुतं. एकेक हाकंला एकेक बा उठायचा, कन्हत, कमरंवर हात ठिवून. शेवटचा गडी ताटीवर बांधला हुता, मढं म्हनून. त्यो काय उठंना. मग मी छाती फुटंस्तवर हाक दिली, आन ताटीसकट मढं उठलं. लोकं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. पाटलांचं पागुटं सुटलं. एवढं हसं मला परत कवा मिळालं न्हाई.

शिवा म्होरंच बसला हुता, पोरांच्यात. पैल्यांदा त्योबी हसला. आईचा आवाज माझ्या तोंडातनं येतुय म्हनून त्येला नवल वाटलं आसंल. मग त्येनं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन ही मानसं कुनाला हसत्यात ते त्येला उमगलं. त्येचं हसू त्येच्या तोंडावर तसंच ऱ्हायलं, पन आत काय न्हवतं. म्या ते बघितलं. बघितलं आन आनिक एकदा वरडलो, कारन लोकं "परत, परत" म्हनत हुती.

दुसऱ्या दिशी गंगव्वा रोजच्यावानी ताकाचं लोटकं घेऊन आली. मी म्हनलं, आता हानती. तिनं लोटकं ठिवलं आन म्हनली, "भावजी, तुमी 'की' म्हनता. 'की' न्हवं, 'क्क'. ऊटक्क. नक्कल करायची तर नीट करा."

आन गेली. हानली असती तर त्ये ताक तरी मला गोड लागलं असतं.

तवापास्नं गावातली पोरं शिवाच्या मागं लागली. शाळंत, वड्यावर, गुरांमागं, जाईल तिथं "ऊट की, बा!" मी त्येंच्यावर वरडलो तर ती मलाच म्हनली, "म्हादूकाका, तुमीच तर शिकवलं." खरं हुतं. उभ्या जल्मात मी कुनाला काय शिकवलं आसंल तर त्येवढंच.

शिवानं कानडी सोडली. गंगव्वानं कायदा मोडला न्हाई, शिवानंबी मोडला न्हाई. घरात कानडी बोलायची असती न्हवं? मग त्यो घरातच जाईना. भाईर ओट्यावर बसायचा, ओट्यावर जेवायचा, ओट्यावर वाकळ टाकून निजायचा. गंगव्वा ताटली घेऊन भाईर यायची, आन भाईर आली म्हनून तिच्या तसल्या मराठीत म्हनायची, "तो भाकरी खा, बाळा." आई आन लेक एकमेकांशी परक्या भाषेत बोलायची. म्हंजी तिला परकी. त्येला कुठली परकी हुती, ते त्येचं त्येलाबी ठावं न्हवतं.

एकदा भिताडापल्याड मला ऐकू आलं. थंडी लय हुती, गंगव्वा शिवाला आत वढत हुती. त्यो हळूच, मराठीतच म्हनला, "आत नगं. आत बोललं की म्हादूकाका ऐकतुय."

मी भिताडाला पाठ लावून बसलो हुतो. ऐकतच हुतो. मी उठून दुसऱ्या भिताडाला बसलो, पन आमचं घर केवढं? तिथंबी ऐकू येत हुतं.

आन हाक बंद झाली. सांज व्हायची, मी बाजंवर पडून ऱ्हायचो, कुनी उठवायचं न्हाई. सुंद्रा घागर घेऊन माझ्याम्होरनं जायाची. एकदा जाता जाता म्हनली, "पडा आता. तुमीच बंद केलासा घड्याळ."

मग मला अक्कल सुचली. म्हंजी मला तशी वाटली. म्हनलं, आपनच कानडी शिकावं. गावातला एक थोराड बापय कानडी बोलाय लागला की शिवाला त्येची लाज वाटनार न्हाई. गुरू केली निंगीला. पाच-सा वर्साची पोर, पुढचं दात पडल्यालं. शिकवनी म्हनून रोज एक पेरू मागायची.

निंगी म्हनली, "हालू म्हंजी दूध."

मी म्हनलं, "थांब गं. मी धार काढताना आमच्या म्हशीला 'हालू नगं, हालू नगं' म्हनतुय. म्हंजी 'दूध नगं' म्हनतुय व्हय? तरीच ती आटली."

निंगी एवढी हसली की पेरू नाकात गेला. मला वाटलं, आपलं काम झालं. मग मी तिला इचारलं, "चुकलं, माफ कर, असं तुझ्या आईला म्हनायचं तर कसं म्हनायचं?"

निंगीनं इचार केला. म्हनली, "नान कत्ती."

मी दोन दिस घोकलं. बैलाला म्हनून दाखवलं. तिसऱ्या दिशी धुतल्यालं धोतर नेसून गंगव्वाच्या दारात गेलो, उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हायलो, हात जोडलं आन म्हनलं, "गंगव्वा, नान कत्ती."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. "कुनी शिकवलं?"

"निंगीनं. माफ कर म्हंजी नान कत्ती."

"नान म्हंजी मी," गंगव्वा म्हनली. "नी म्हंजी तू. कत्ती म्हंजी गाढव. तुमी म्हनला, मी गाढव."

ओट्यावर शिवा बसला हुता. मला वाटलं, आता तरी हसंल. त्यो उठला आन म्हशीकडं गेला. गंगव्वाबी हसली न्हाई. ती म्हनली, "भावजी, तुमाला वाटतंय, हसवून बिघडलं ते हसवून नीट हुतंय. न्हाई हुत. माझी आई येनार हाय सुगीनंतर. तिला लय चालवत न्हाई आता. ही खेप शेवटचीच. ती पोराला कशानं बघनार, ते सांगा मला."

मी म्हनलं, "मिरजंला मीच गाडी घेऊन जातो. तिथं आगगाडी बदलाय म्हातारीला जमायचं न्हाई." तिनं मान हालवली. तेवढीच माझी लायकी हुती, गाडी हाकायची.

मिरजंच्या टेसनावर म्हातारी एका गाववाल्याचा हात धरून उतरली. वाळल्याल्या शेंगंवानी अंग, डोळं पांढरं, हातात फडक्यात बांधल्यालं एक गठुडं. मी "आज्जी" म्हनलं. आज्जी दोनीकडं आज्जीच, ते एक बरं. तिनं माझा हात चाचपला आन म्हनली, "यार नी?"

मला लय बरं वाटलं. बिरू सुट्टीवर आला की पलटनीतल्या बोलीत मला "यार" म्हनायचा. म्हनलं, म्हातारीबी जावयाकडनं शिकली. "व्हय आज्जी, यारच समज," म्हनलं. तिनं परत इचारलं, "यार?" मी म्हनलं, "यार, यार!" सांगलीत मुक्काम केला, सकाळी येरळा वलांडली. तवा आमच्या भागात इंग्रजाच्या इरुद्ध लय गडबड हुती, वाटंत पोलीस गाड्या अडवायचं. सांजच्याला एकानं कंदील म्हातारीच्या तोंडाम्होरं धरला. "ही कोन रं?"

"माझी यार हाय, साहेब."

त्यो म्हनला, "ऐंशीची यार? चल, जा म्होरं. तुझं नशीब."

मी वाटभर हसत आलो. म्हातारी गठुडं पोटाशी धरून वाटभर बोलत आली. मला त्यातलं एक "शिवा" तेवढं कळायचं. परत्येक येळी मी "हा, हा" म्हनायचो.

अंगनात गाडी सोडली. गंगव्वा धावत आली, आईच्या गळ्यात पडली. निंगी तर आज्जीच्या लुगड्यात घुसून कानडीची माळच लावून बसली. म्हातारीनं तिचं नाक, कान, पडल्यालं दात समदं बोटानं बघितलं. मग गंगव्वानं शिवाला म्होरं केलं. दोन वर्सांत पोरगं केवढं वाढल्यालं. म्हातारीनं हात पुढं केला. त्येचं खांदं लागलं, जिथं तिला डोस्कं घावायला पायजे हुतं तिथं. शिवा खाली बघून म्हनला, "आज्जी, मी शिवा हाय."

मराठीत म्हनला.

म्हातारीचा हात थांबला. ती म्हनली, "इंव यार?"

मी आपला खुशीत. टाळी वाजवली. "बघ शिवा! आज्जी तुलाबी यार म्हनली!"

कुनी हसलं न्हाई. गंगव्वानं माझ्याकडं बघितलं न्हाई, म्हशीकडं बघत बोलली. "भावजी, यार म्हंजी कोन. आई इचारतीया, ह्यो कोन."

माझं हात टाळीतच ऱ्हायलं. म्हंजी मिरजंपास्नं ती बिचारी इचारत हुती, तू कोन, तू कोन, आन मी दीड दिस तिला सांगत हुतो, कोन, कोन.

गंगव्वानं आईला कानडीत समजावलं. म्हातारीनं मान हालवली, पन घरची मानसं सांगत्यात तर कशाला मोडा घाला, अशी. तिचा शिवा मांडीवर बसून बडबडनारा हुता. ह्यो भाईरच्या भाषेतला आवाज तिला शेजाऱ्याच्या पोराचा वाटला. तिच्या गठुड्यात शेंगाच्या पोळ्या हुत्या, शिवासाठी केल्याल्या. निंगीला तिनं एक दिली. बाकीच्या परत बांधल्या. निंगीनं मला येऊन सांगितलं, "आज्जी म्हनती, शिवा आल्यावर दीन."

शिवा ओट्यावर हुता. आज्जी उंबऱ्याच्या आत. मधी हातभर लाकूड. मी किती डाव बघितलं, पोराचं व्हट हालायचं, शबुद वर यायचा, आन त्यो आमच्या भिताडाकडं बघायचा. मी त्या आठवड्यात भाड्याचं निमित्त करून तीन दिस इस्लामपुरात काढलं. म्हनलं, मी भिताडापल्याड न्हाई म्हटल्यावर बोलंल. परत आलो तर गठुडं तसंच बांधल्यालं. भिताड आता माझ्याबिगरबी ऐकत हुतं.

म्हातारीला परत मीच पोचवली. येरळंच्या अलीकडं बैलं पाजाय थांबलो, तवा तिनं माझा हात चाचपला आन परत इचारलं, "यार नी?"

आता मला कळत हुतं. पन माझ्याजवळ उत्तर एकच हुतं, त्येवढंच घोकल्यालं. मी म्हनलं, "नान कत्ती."

म्हातारी हसली. पांढऱ्या डोळ्यांतनं पानी येस्तवर हसली. मग तिनं गठुडं सोडलं आन समद्या पोळ्या माझ्या हातावर ठिवल्या. मी नगं नगं म्हनलं, पन कानडीत नगं कसं म्हनायचं ते निंगीनं शिकवलं न्हवतं. मिरज येस्तवर मी त्या खाल्ल्या. घरी न्हेऊन शिवाला द्याव्यात असं वाटलं, पन काय सांगून देनार? तू घावला न्हाईस म्हनून तुझ्या वाटनीचं गाढवाला दिलं, असं? पोळ्या लय ग्वाड हुत्या. तेच मला अजून सोसत न्हाई.

पावसाळ्यात निरोप आला, म्हातारी गेली. गंगव्वानं उंबऱ्यात बसून टाहो फोडला. रडनं कानडी का मराठी, ते मला कळलं न्हाई. त्येची नक्कल म्या कवा केली न्हाई.

पुढच्या साली लढाई सपली, बिरू आला. एक कान बहिरा झाल्याला, बाकी धडधाकट. त्येला साताऱ्यात एका वखारीवर राखनदाराचं काम मिळालं. म्हस इकली, रान भावकीला लावून दिलं, आन एका दुपारी मी समद्यांला टेसनावर घेऊन गेलो. वाटंत बिरू पलटनीच्या गोष्टी सांगत हुता. गंगव्वा गाडीच्या साट्यावर बसली हुती, एक पाय आत, एक भाईर लोंबता.

टेसनावर मी इचारलं, "गंगव्वा, साताऱ्याच्या घराला उंबरा हाय का?"

"एक खोली हाय," ती म्हनली. "उंबरा न्हाई. आता कुठंबी कायबी बोला."

आगगाडी आली. बिरूनं सामान चढवलं. गंगव्वा खिडकीशी बसली, मांडीवर निंगी, शेजारी शिवा. मिसरूड फुटायच्या आदीचं आडमुठं तोंड. मला काय बोलावं ते कळंना, आन मला काय कळलं न्हाई की माकडच वर येतं. टेसनावर बाकडं हुतं. मी त्येच्यावर आडवा झालो, डोळं मिटलं आन म्हनलं, "शिवा, मी आता पडलो. गंगव्वा चालली साताऱ्याला. उद्यापास्नं मला कोन उठवनार रं?"

म्हनलं, एकदा तरी म्हनंल पोरगं, ऊट की, बा. माझ्यावर तरी हसंल.

मी एक डोळा उघडला. शिवा खिडकीतनं अर्धा भाईर आला हुता. आजूबाजूला मानसं किती, हमाल, पोलीस, आमच्या गावची दोघं-तिघं. त्येनं कुनाकडं बघितलं न्हाई. सरळ माझ्याकडं बघून, आईच्यासारखा 'त्त' वर जोर दिऊन म्हनला, "नी कत्ती."

गंगव्वाचा हात निंगीच्या केसातच थांबला. ती माझ्याकडं बघत न्हवती, शिवाकडंबी न्हाई. मान जराशी तिरकी करून बसली हुती, म्हातारी बसायची तशी, कान म्होरं करून. ज्या कानांसाठी तिनं एवढी वर्सं उंबरा राखला, ते कान मातीत गेलं हुतं. ऐकाय मी हुतो. नेमका मीच.

गाडी हालली. मी बाकड्यावरनं उठलो, खिडकीबरुबर पळाय लागलो. मला कळलं न्हवतं असं न्हाई. पन मला ते परत ऐकायचं हुतं, आन तिलाबी ऐकू द्यायचं हुतं. म्हनून मी पळता पळता गंगव्वाच्याच आवाजात इचारलं, "येन अंदी?"

शिवानं दोनी हात तोंडाभवती धरलं आन उभ्या टेसनाला ऐकू जाईल असं वरडला, "नी कत्ती! नी कत्ती!"